एकोणिसाव्या शतकातली थोर माणसं: छापखान्याच्या बाजूने दिलेलं उत्तर

एकोणिसाव्या शतकातल्या थोर माणसांची तुमची यादी वाचली. बाळशास्त्री जांभेकर, लोकहितवादी, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले, रानडे, टिळक, आगरकर. निबंधासाठी तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: या यादीत आणखी कोणाला घ्यावं, आणि एखाद्याचं काम खरोखर टिकलं आहे हे ठरवायचं कसं.

मी मुद्रितशोधक आहे. खिळ्यांची, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांची, जुळणी चालू होती त्या काळात या कामाला लागलो आणि पुढे जुन्या मराठी पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांची प्रुफं वाचण्यात आयुष्याचा मोठा भाग गेला. त्यामुळे एकोणिसावं शतक मला व्याख्यानांतून कमी आणि कागदावरून जास्त भेटलं. त्या बाजूने पाहिलं की तुमच्या यादीतली एक उणीव लगेच दिसते. यादीतली सगळी माणसं बोलणारी आणि लिहिणारी आहेत. त्यांचे शब्द ज्यांच्या हातांनी कागदावर उमटले, ज्यांनी त्या शब्दांना व्याकरण, कोश आणि विरामचिन्हं दिली, ज्यांनी अक्षरं पोलादात कोरली, त्यांच्यापैकी एकही नाव त्यात नाही. माझ्या मते मराठीपुरतं सर्वांत टिकाऊ काम याच लोकांचं आहे, आणि लिहिणाऱ्यांचं मोठेपणसुद्धा त्यांच्याशिवाय नीट समजत नाही.

सुरुवात गणपत कृष्णाजींपासून करा. मुंबईतले, भंडारी समाजातले, फारसं शिक्षण न झालेले गृहस्थ. अमेरिकन मिशनने मुंबईत छापखाना घातला होता आणि तिथून 1817 पासून मराठी पुस्तकं बाहेर पडत होती. ती प्रामुख्याने धर्मप्रसाराची. हे छापण्याचं काम पाहून आपणही हिंदू पोथ्या आणि पंचांगं छापावीत, असं गणपत कृष्णाजींच्या मनाने घेतलं. यंत्र विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःच्या हिकमतीने लाकडी यंत्र उभं केलं, छपाईसाठी दगड मिळवले, शाई घरी बनवून पाहिली आणि 1831 साली, म्हणजे शके 1753 चं, मराठी पंचांग छापून काढलं. गोविंद नारायण माडगावकर हे मूळचे गोव्याकडचे लेखक. त्यांच्या 1863 च्या 'मुंबईचे वर्णन' या पुस्तकात त्या काळच्या मुंबईच्या उद्योगांबरोबर छापखान्यांचाही वृत्तान्त आहे. तुमच्या निबंधासाठी तो मुळातून वाचावा असं मला वाटतं.

पंचांगच का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. तोवर पंचांग हाताने उतरवून घ्यायचं असे. गावचा जोशी ते बाळगणार आणि तिथी-वार सांगणार. छापील पंचांग घरात आलं तेव्हा सामान्य माणसाच्या हातात पहिल्यांदा एक अशी छापील वस्तू आली, जी त्याला दरवर्षी लागणार होती. त्या काळी छापील कागदाला सोवळ्यात स्पर्श करावा की नाही असा विटाळाचा प्रश्न होता, कारण शाईत चरबी असते अशी समजूत होती. त्यावर तोडगा म्हणून गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई वापरली, असं परंपरेने सांगितलं जातं. छापील पोथीबद्दलचा हा संकोच पुढच्या दोन पिढ्यांत पार मावळला. एखाद्या सुधारकाने व्याख्यान देऊन तो मावळला नाही. दरवर्षी घरात येणाऱ्या पंचांगाने तो मावळवला.

आता थोडं तंत्राकडे वळतो, कारण त्याशिवाय या माणसांचं काम डोळ्यांना दिसणार नाही.

गणपत कृष्णाजींनी सुरुवात केली ती शिळाछापाने. हे तंत्र जर्मनीत 1796 च्या सुमारास आलोइस झेनेफेल्डरने शोधलं. तेलकट शाईने लिहिलेला मजकूर सपाट चुनखडी दगडावर उतरवायचा, दगड ओला करायचा आणि वरून छपाईची शाई फिरवायची. ओल्या जागी शाई धरत नाही, तेलकट अक्षरांवर धरते. मराठीला हे तंत्र फार सोयीचं पडलं. खिळ्यांनी छापायचं तर अक्षरं, मात्रा, उकार, वेलांट्या आणि जोडाक्षरं मिळून कित्येकशे प्रकारचे खिळे ओतून घ्यावे लागत. शिळाछापाला एक सुरेख हात असलेला लेखनिक पुरे. पोथ्या नकलून पोट भरणाऱ्या लेखनिकांना नव्या तंत्राने बेकार केलं नाही, उलट काही काळ कामच दिलं. म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या मधल्या काळातली कितीतरी मराठी पुस्तकं हस्तलिखितासारखी दिसतात. ज्ञानेश्वरीची पहिली छापील आवृत्ती बाळशास्त्री जांभेकरांनी 1845 साली काढली, तीही शिळाछापाचीच.

जुनं पुस्तक हाती आलं की ते कोणत्या पद्धतीचं आहे हे ओळखायला शिरोरेघ पाहा. शिळाछापात शब्दाची शिरोरेघ एका ओढीत गेलेली असते आणि एकाच पानावरचे दोन 'क' तंतोतंत सारखे नसतात. खिळ्यांच्या छपाईत अक्षर सारखं असतं, पण दोन खिळ्यांच्या सांध्यावर शिरोरेघ केसभर तुटलेली दिसते. मुखपृष्ठावर बहुतेक वेळा शक दिलेला असतो. त्यात 78 मिळवले की इसवी सन येतो, फक्त वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत 79 मिळवावे लागतात. अनेक विद्यार्थी इथे एका वर्षाने चुकतात आणि ती चूक पुढच्या लेखांत तशीच उतरत जाते.

गणपत कृष्णाजींनी पुढे खिळेही तयार करून घेतले, पण खिळ्यांच्या बाबतीत मोठी झेप घेतली ती जावजी दादाजी चौधरी यांनी. जन्म 1839 चा, मुंबईतल्या गरीब घरातला. लहानपणीच वडील गेले आणि पोरवयातच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. तिथे टॉमस ग्रॅहॅम हे मराठी खिळे पाडण्यात तरबेज होते. त्यांच्या हाताखाली जावजींनी हे काम मुळापासून पाहिलं. मग दुसऱ्या छापखान्यांत नोकऱ्या करून 1864 साली त्यांनी स्वतःचा खिळे पाडण्याचा कारखाना काढला आणि 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांच्याबरोबर होते राणूजी रावजी आरू. हे नाव तुमच्या निबंधात यावं अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण निर्णयसागरच्या अक्षराचं जे सौंदर्य सगळे वाखाणतात ते या माणसाच्या हातचं आहे.

पंच कापणं म्हणजे काय हे सांगितलं तर राणूजींच्या कामाची कल्पना येईल. पोलादाच्या छोट्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, आणि तेही छापात दिसणार तेवढ्याच आकाराचं. हा झाला पंच. तो तांब्याच्या तुकड्यात ठोकून मातृका करायची. मातृका साच्यात बसवून शिसं, कथील आणि अँटिमनी यांचा वितळलेला रस ओतायचा की खिळा तयार. एका मापाच्या पूर्ण संचासाठी असे शेकडो पंच कापायचे, आणि सगळ्या अक्षरांची जाडी, उतार, गाठ आणि शिरोरेघेची उंची एकमेकांशी जुळली पाहिजे. 'ज्ञ'ची गाठ जराशी जड झाली तर पानभर तोच एक डाग डोळ्यांत खुपतो. जुन्या आवृत्त्यांशी ताडून प्रुफं वाचताना निर्णयसागरची बारीक टाइपातली संस्कृत पुस्तकं मी तासन्‌तास भिंग लावून पाहिली आहेत. मूळ श्लोक मोठ्या अक्षरात, टीका त्याहून लहान, तळटीपा आणखी लहान, आणि तिन्हीत जोडाक्षरं भरलेली. तरी कुठे गुंता नाही.

मराठी खिळ्यांच्या दोन पद्धती होत्या. डिग्री पद्धतीत मूळ अक्षर वेगळं आणि वरच्या मात्रा, खालचे उकार यांचे वेगळे बारीक तुकडे, म्हणजे एका ओळीसाठी जुळाऱ्याला तीन थर जुळवावे लागत. खिळे कमी लागत, पण छापताना मात्रा हलायच्या, निसटायच्या. अखंड पद्धतीत अक्षर पूर्ण उंचीचं एकसंध येई. त्यासाठी खिळ्यांची संख्या आणि खर्च वाढे, पण ओळ देखणी आणि भक्कम होई. जावजींनी खर्चाचा मार्ग पत्करला. मुंबई वळणाची अक्षरं हिंदुस्थानभर पोचली त्यामागे हा निर्णय आहे असं मला वाटतं. देवनागरी छपाईत तेव्हा कलकत्त्याच्या बाजूचं एक वळण होतं आणि मुंबईचं दुसरं. 'अ', 'झ', 'ण' यांची आज हिंदीतही जी रूपं मान्य आहेत, ती मुंबईकडची. आणि मराठीची स्वतःची ठेवण असलेले 'ल' आणि 'श' महाराष्ट्र शासनाने 2009 च्या वर्णमालेविषयीच्या निर्णयात मराठीसाठी कायम ठेवले.

निर्णयसागरचं दुसरं मोठं काम म्हणजे शुद्धता. 1886 पासून त्यांनी 'काव्यमाला' हे मासिक चालवून अप्रकाशित संस्कृत काव्यं प्रसिद्ध केली. पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्यासारखे संपादक त्यात होते. 'तुकाराम जावजी' हे प्रकाशकाचं नाव पुढच्या काळातल्या अनेक संस्कृत पुस्तकांवर दिसतं, ते जावजींच्या चिरंजीवांचं. जावजी स्वतः 1892 मध्ये गेले. औपचारिक विद्वत्ता नसलेल्या एका माणसाच्या छापखान्यातून निघालेल्या संस्कृत पुस्तकांवर जगभरच्या विद्वानांनी विसंबावं, ही मुद्रितशोधकाच्या दृष्टीने साधी गोष्ट नाही. त्यासाठी किती वाचनं झाली असतील, किती शास्त्री ओळीओळीवर बसले असतील, याचा मला अंदाज येतो. त्यांची नावं मात्र पुस्तकांवर सहसा नसतात.

आता कोश आणि व्याकरण. इथे इंग्रज अधिकारी येतात, आणि त्यांच्याबद्दल लिहिताना दोन टोकं टाळा. एक म्हणजे 'साहेबाने आम्हाला भाषा शिकवली' आणि दुसरं म्हणजे 'सगळं राज्यकारभारासाठी होतं, म्हणून त्यात काही नाही'.

जेम्स मोल्सवर्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले अधिकारी. त्यांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला, आणि बराच वाढवलेली दुसरी आवृत्ती 1857 साली. पहिल्या आवृत्तीत सुमारे 40 हजार शब्द होते, दुसरीत सुमारे 60 हजार. पण या कामाच्या मुळाशी मराठी शास्त्रीमंडळी होती. त्यांचा 'महाराष्ट्र भाषेचा कोश', ज्याला आपण पंडितांचा कोश म्हणतो, तो 1829 साली आधीच निघाला होता. त्यात जगन्नाथशास्त्री क्रमवंत, परशुरामपंत गोडबोले आणि इतर शास्त्री होते. निबंधात मोल्सवर्थ लिहाल तिथे पुढच्याच ओळीत या मंडळींचा उल्लेख करा.

मोल्सवर्थच्या कोशाचं मला सर्वांत मोल वाटतं ते त्यातल्या बोलीच्या शब्दांसाठी. शेतीची अवजारं, नौकेचे भाग, गुरांचे रंग आणि खोडी, घरबांधणीची लाकडं, बाजारातली मापं, म्हणी, शिव्या, सगळं त्यात येतं. कोकणात एक अर्थ आणि देशावर दुसरा, हेही जागोजाग नोंदवलेलं आहे. जुन्या पुस्तकात अडलेला शब्द शोधायला आजही मी आधी मोल्सवर्थ उघडतो. पुण्याहून 1975 साली त्याचं पुनर्मुद्रण झालं, आणि आता शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो फुकट पाहता येतो. रोज वापरात असलेलं एकोणिसाव्या शतकातलं काम हवं असेल तर हे घ्या.

टॉमस कँडी हे मोल्सवर्थचे सहकारी. त्यांचा इंग्रजी-मराठी कोश 1847 चा. पुढे सरकारचे मराठी भाषांतरकार म्हणून शाळेची क्रमिक पुस्तकं आणि कायद्यांची भाषांतरं त्यांच्या हाताखालून गेली. मराठीत विरामचिन्हं रुजवण्याचं श्रेय त्यांच्याकडे जातं. 1850 साली त्यांनी या विषयावर एक छोटं पुस्तकच काढलं. त्याआधीच्या मराठी गद्यात दंड असत किंवा तेही नसत, वाक्य कुठे संपलं ते क्रियापदावरून ओळखायचं. बखर वाचताना ते चालतं, कारण ती मोठ्याने वाचायची असे. मुकाट्याने, भरभर वाचायच्या गद्याला स्वल्पविराम आणि अर्धविराम लागतात. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 1874 पासूनची 'निबंधमाला' उघडून तिची लांबच लांब, कप्प्याकप्प्यांची वाक्यं पाहा. अर्धविरामाशिवाय ती उभीच राहिली नसती.

कँडींच्या कामाची दुसरी बाजूही लिहा. क्रमिक पुस्तकांतून जी मराठी 'शुद्ध' ठरली ती पुण्याकडच्या शिष्टवर्गाची, शास्त्रीमंडळींच्या वळणाची. वऱ्हाड, खानदेश, कोकण, मराठवाडा इथल्या मुलांची घरची भाषा शाळेच्या दारातच अशुद्ध झाली. पुस्तकं तपासताना ही गोष्ट माझ्या मनात सतत असते, कारण ती दुरुस्ती करणारा हात आजही आमचाच असतो.

व्याकरणात मान दादोबा पांडुरंग तर्खडकरांचा. 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' 1836 साली निघालं तेव्हा त्यांचं वय अवघं 22 होतं. मिशनरी विल्यम केरींचं मराठी व्याकरण बंगालमधल्या श्रीरामपुराहून 1805 सालीच आलं होतं, पण ते इंग्रजीत, परकीयांना मराठी शिकवण्यासाठी. दादोबांचं मराठी माणसाने मराठी मुलांसाठी मराठीत लिहिलेलं. आवृत्ती दर आवृत्ती ते सुधारत गेले. आपण शाळेत घोकलेल्या विभक्तींच्या आणि प्रयोगांच्या मांडणीत दादोबांचा वाटा मोठा आहे. हेच दादोबा जातिभेद मोडण्यासाठी स्थापन झालेल्या परमहंस सभेतही पुढे होते. त्यांना 'मराठीचे पाणिनी' म्हणून एका ओळीत संपवू नका.

परशुरामपंत गोडबोल्यांबद्दल आणखी एक वाक्य हवंच. जुन्या मराठी कवितेतले वेचे निवडून त्यांनी 1854 साली 'नवनीत' सिद्ध केलं. मोरोपंत, वामन पंडित, मुक्तेश्वर यांच्या ज्या कविता पिढ्यान्‌पिढ्या शाळेत पाठ झाल्या, त्यांतल्या पुष्कळशा या निवडीमुळे. तसंच तुकारामांच्या गाथेचं. विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी अनेक हस्तलिखितं ताडून पाहून केलेली गाथा 1869 पासून इंदुप्रकाश छापखान्यातून दोन भागांत निघाली. सरकारने त्यासाठी 24 हजार रुपये दिले होते. विष्णुशास्त्री पंडितांना बहुतेक पुस्तकं विधवाविवाहाचे पुरस्कर्ते म्हणून ओळखतात, आणि ते बरोबरच आहे. पण पाठभेद नोंदवून संतवाङ्मयाची आवृत्ती कशी करावी याचा मराठीतला वस्तुपाठही त्यांच्याच नावावर आहे.

एवढं सांगून झाल्यावर पुन्हा तुमच्या यादीकडे येतो.

जांभेकरांचं 'दर्पण' 6 जानेवारी 1832 ला निघालं. महाराष्ट्रात तो दिवस पत्रकार दिन म्हणून पाळतात. एका पानावर दोन स्तंभ, एकात इंग्रजी आणि दुसऱ्यात मराठी. संपादक तेव्हा विशीतला. 1846 मध्ये, वयाच्या तिशीतच, ते वारले. त्यांच्या लहान आयुष्यात वर्तमानपत्र, 'दिग्दर्शन' मासिक, शालेय पुस्तकं, ज्ञानेश्वरी आणि अध्यापन इतकं सगळं बसलं, कारण छापणं हे ते विद्येचंच अंग मानत होते. लोकहितवादींची शतपत्रं 1848 पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' या साप्ताहिकात आली. लेखकाचं नाव सगळ्यांना पाठ आहे. इतकी झणझणीत पत्रं आठवड्यामागून आठवडा छापण्याचं धाडस करणारा संपादक मात्र निबंधांतून गळतो. भाऊ महाजन, म्हणजे गोविंद विठ्ठल कुंटे, यांना तुमच्या यादीत स्वतंत्र जागा द्या.

फुल्यांच्या बाबतीत छापखान्याकडून पाहिलं की एक कठोर सत्य दिसतं. त्यांचं 'तृतीय रत्न' हे नाटक 1855 चं. मराठी पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडे ते दिलं, पण तिथे त्याला आश्रय मिळाला नाही आणि त्यांच्या हयातीत ते छापलंच गेलं नाही. 'शेतकऱ्याचा असूड' 1883 मध्ये लिहून झाला. त्यातला काही भाग 'दीनबंधु' या वर्तमानपत्रात आला, पण संपूर्ण ग्रंथ त्यांच्या डोळ्यांदेखत पुस्तक म्हणून निघाला नाही. शेतकऱ्याच्या कर्जाचं, धर्माच्या नावाने होणाऱ्या लुटीचं आणि सरकारी कचेरीतल्या नागवणुकीचं इतकं नेमकं वर्णन त्या शतकात दुसऱ्या कोणी केलेलं मला माहीत नाही. ते वाचकांपर्यंत पूर्ण पोचायला विसावं शतक निम्म्याहून अधिक उलटावं लागलं. कोणाकडे खिळे आणि यंत्र आहे, कमिटीवर कोण बसलं आहे, यावर कोणाचा विचार शतकात पोचतो आणि कोणाचा अडतो हे ठरतं. म्हणून कृष्णराव भालेकरांनी 1877 साली 'दीनबंधु' सुरू केलं, ही गोष्ट मला सत्यशोधक चळवळीतल्या सर्वांत मोठ्या घटनांपैकी एक वाटते. हे पत्र पुढे मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी चालवलं. त्याच लोखंड्यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि 1890 मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. शाळेतल्या मुलांना टिकाऊ कामाचं उदाहरण सांगायचं तर रविवारइतकं चांगलं कोणतं?

ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. त्यांची 'स्त्रीपुरुष तुलना' 1882 साली छापली गेली. नंतर ती जवळजवळ विस्मरणात गेली, आणि 1975 साली स. गं. मालशे यांनी ती पुन्हा प्रकाशात आणली. एकदा छापलेलं पुस्तक कुठल्यातरी कपाटात एखादी प्रत सोडून जातं, म्हणून हे घडू शकलं. ताराबाईंचं हस्तलिखितच राहिलं असतं तर आज त्यांचं नावही आपल्याला ठाऊक नसतं असं मला वाटतं. असा मजकूर हस्तलिखितातच राहिलेल्या बायका किती असतील, हा विचार मला अस्वस्थ करतो.

छापण्याने काही गोष्टी गमावल्याही. केरींनी 1810 साली छापलेला मराठी कोश मोडी अक्षरात होता, कारण रोजच्या व्यवहाराची लिपी मोडीच होती. पण सलग वळणाने धावणाऱ्या मोडीचे खिळे पाडणं अवघड, आणि शाळांची पुस्तकं बालबोधीत, म्हणजे आजच्या देवनागरीत, निघू लागली. कचेऱ्यांतून मोडी पुढेही बरीच वर्षं टिकली, पण पुस्तकाची लिपी बालबोध ठरली ती ठरलीच. आज दफ्तरखान्यांत मोडीतले असंख्य कागद आहेत आणि ते वाचणारी माणसं मोजकी. तुमच्या पिढीतल्या कोणी इतिहासाकडे वळणार असेल तर त्याने मोडी शिकावी. मूळ कागद स्वतः वाचता येतो, दुसऱ्याच्या उताऱ्यावर अवलंबून राहावं लागत नाही.

टिकलेलं काम कसं ओळखायचं, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर आता सरळ देतो. पुतळे, रस्त्यांची नावं, जयंत्या बाजूला ठेवा. आजचा एक साधा छापील कागद घ्या, विजेचं बिल किंवा पाठ्यपुस्तकाचं पान, आणि त्यातली कोणती गोष्ट कोणी घडवली ते शोधत मागे जा. अक्षराचं वळण तुम्हाला निर्णयसागरापर्यंत नेईल, विरामचिन्हं कँडींपर्यंत, वाक्याचं विश्लेषण दादोबांपर्यंत. संगणकावरचा 'मंगल' हा फॉन्ट र. कृ. जोशींनी केला. देवनागरीच्या गाठी, वळणं आणि जोडाक्षरं यंत्रात कशी बसवावीत हा त्यांच्यापुढचा प्रश्न राणूजी आरूंच्यापुढेही होता, फक्त पोलादाच्या जागी पडदा आला. भिंतीवरच्या कॅलेंडरमधली तिथी पाहाल तर केरो लक्ष्मण छत्र्यांपर्यंत जाल. 1860 साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' लिहून त्यांनी पंचांगाचं गणित आकाशाशी पुन्हा जुळवण्याचा मार्ग मराठीत आणला. टिळकांचे ते गणिताचे गुरू, एवढीच त्यांची ओळख सहसा दिली जाते.

शेवटी तुमच्या कामाच्या दोन सूचना. मराठी पुस्तकांची त्या काळातली सरकारी यादी पाहा. अलेक्झांडर ग्रँट यांनी मुंबई इलाख्यात 1864 अखेरपर्यंत छापलेल्या देशी पुस्तकांची यादी केली होती, आणि 1867 च्या पंचविसाव्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाची नोंद करणं बंधनकारक झालं. त्या नोंदींत लेखकाबरोबर छापखान्याचं आणि छापणाऱ्याचं नाव असतं, आणि आपण ज्यांना विसरलो ती माणसं तिथे सापडतात. दुसरी सूचना मोल्सवर्थबद्दल. त्याच्या कोशात शब्द शोधताना जुन्या लेखनाप्रमाणे अनुस्वार देऊन पाहा. 'केळे' टाइप केलंत तर हाती काही लागणार नाही, 'केळें' टाइप करा. 'नाव'ऐवजी 'नांव' घाला. निम्मे विद्यार्थी इथेच कंटाळून कोश बंद करतात, आणि शब्द तर तिथे असतो.